घोड्यावरून बाळंतपणाला जाणारी परिचारिका : मेरी ब्रेकिनरिज

गरोदरपणात काहीच त्रास नसेल तर दर वेळी तपासणीला कशाला जायचं, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. विचारणारी कधी सासू असते, कधी नवरा, तर कधी स्वतः गरोदर बाई. या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका परिचारिकेने आपल्या कामातून दिलं. त्यांचं नाव मेरी ब्रेकिनरिज.

दोन मुलं गमावलेली आई

मेरी यांचा जन्म 1881 साली टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात झाला. घराणं मोठं होतं. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, तर वडील काही वर्षं रशियात अमेरिकेचे राजदूत होते. अशा घरातल्या मुलीने नोकरी करावी अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

पण 1906 मध्ये, लग्नानंतर दोनच वर्षांत, त्यांचे पती वारले. त्यानंतर मेरी न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात दाखल झाल्या आणि 1910 मध्ये परिचारिका होऊन बाहेर पडल्या. 1912 मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. 1914 मध्ये मुलगा झाला, त्याला सगळे ब्रेकी म्हणत. 1916 मध्ये मुलगी झाली, पण ती अपुऱ्या दिवसांची होती आणि काही तासच जगली. जानेवारी 1918 मध्ये ब्रेकीही गेला. तेव्हा त्याला चार वर्षं पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झाले होते.

हा संसारही पुढे टिकला नाही. घटस्फोटानंतर मेरी यांनी माहेरचं आडनाव परत घेतलं. ब्रेकीच्या छोट्याशा आयुष्यावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. आपलं उरलेलं आयुष्य इतरांच्या मुलांसाठी द्यायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

फ्रान्स, लंडन आणि केंटकीचे डोंगर

1918 च्या फ्लूच्या साथीत त्यांनी वॉशिंग्टनमध्ये रुग्णांची सेवा केली. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्या उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये गेल्या. तिथे गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहाराचं आणि आरोग्याचं काम करताना मुलांना दूध मिळावं म्हणून त्यांनी ओळखीच्या लोकांकडून शेळ्यांसाठी देणग्या मिळवल्या. युरोपातल्या शिकलेल्या सुइणींचं काम त्यांनी इथेच जवळून पाहिलं. परिचारिका आणि सुईण ही दोन्ही कामं एकाच बाईला येत असतील तर दुर्गम भागात किती उपयोग होईल, हे त्यांना उमगलं.

अमेरिकेत असं शिक्षण मिळत नव्हतं. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर त्या लंडनला जाऊन सुईणकाम शिकल्या. डोंगराळ आणि बेटांच्या भागात परिचारिका कशा काम करतात, हे त्यांनी स्कॉटलंडमध्ये पाहिलं.

कामासाठी त्यांनी केंटकी राज्याच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग निवडला. पक्के रस्ते नव्हते, जवळपास डॉक्टर नव्हता. 1923 मध्ये घोड्यावरून शेकडो मैल फिरून त्यांनी गावोगावच्या सुइणींची भेट घेतली आणि बाळंतपणं कशी होतात ते समजून घेतलं. 1925 मध्ये तिथे सेवा सुरू झाली. पुढे ती फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस या नावाने ओळखली जाऊ लागली. 1928 मध्ये हायडन गावात छोटं रुग्णालयही उभं राहिलं.

बाळंतपणाचे पाच डॉलर आणि घरटी वर्षाला एक डॉलर एवढाच आकार होता. पैसे नसतील तर लोक चारा, लाकूड किंवा मजुरीच्या रूपाने तो फेडत.

धाडस कशासाठी?

या परिचारिका खोगिराला अडकवलेल्या पिशव्यांत सामान भरून पुराच्या नद्या आणि बर्फाचे रस्ते पार करत. 1931 मध्ये मेरी स्वतः घोड्यावरून पडल्या आणि त्यांच्या पाठीचं हाड मोडलं. त्यानंतरही आधाराचा पट्टा बांधून त्यांनी काम चालू ठेवलं.

पण या घोडदौडीतली बरीचशी तातडीची नसायची. अनेकदा परिचारिका ज्या बाईकडे जात, तिला काहीच त्रास होत नसे. दिवस गेल्याचं कळलं की नाव नोंदवायचं, ठराविक दिवसांनी भेटायचं, रक्तदाब आणि लघवी तपासायची आणि दिवस भरत आले की भेटी वाढवायच्या. बाळंतपणानंतरही त्या घरी जात. मुलांना लसी देत, जंतांवर औषध देत. गुंतागुंत दिसली तर काय करायचं, याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना प्रत्येकीजवळ असत.

याचं फळ आकड्यांत दिसलं. 1930 च्या सुमारास अमेरिकेत दर हजार जन्मांमागे सहाहून अधिक माता दगावत होत्या. एका मोठ्या विमा कंपनीने या संस्थेच्या पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशेब तपासला, तेव्हा गरोदरपण किंवा प्रसूती हे थेट कारण असलेला एकही मातामृत्यू आढळला नाही.

1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि संस्थेतल्या बऱ्याच ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या. तेव्हा मेरी यांनी तिथेच सुईणकामाची शाळा सुरू केली, ती आज विद्यापीठ झाली आहे. एक उणी बाजूही सांगायला हवी. कृष्णवर्णीय परिचारिकांना त्यांनी आपल्या संस्थेत जागा दिली नाही. 16 मे 1965 रोजी केंटकीतल्या आपल्या लाकडी घरात त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी याचा अर्थ

गरोदरपणात रक्तदाब वाढतो, तेव्हा सुरुवातीला बाईला काहीही जाणवत नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली तरी कळत नाही. रक्त कमी असेल तर थकवा येतो, आणि दिवस गेलेत म्हणून असेल असं वाटून घरात तो दुर्लक्षिला जातो. याच गोष्टी पुढे झटके येण्याला किंवा बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेतण्याला कारण होतात. वेळेवर तपासणी झाली तर त्या बऱ्याचदा आधीच सापडतात आणि उपचार करता येतात. म्हणून त्रास नसतानाची तपासणीच सर्वांत मोलाची.

त्यामुळे दिवस गेल्याचं कळताच नाव नोंदवा. तपासणीची तारीख चुकवू नका. आशाताई किंवा परिचारिका घरी आल्या तर त्यांना वेळ द्या आणि सगळं मोकळेपणाने सांगा.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा, गरज पडल्यास 108 ला फोन करा :

- अंगावरून रक्त जाणं किंवा पाणी जाणं
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज
- झटके येणं किंवा शुद्ध हरपणं
- बाळाची हालचाल कमी होणं
- ताप, धाप लागणं किंवा पोटात खूप दुखणं

मेरी यांच्या परिचारिका नदी ओलांडून बाईच्या दारात जात. आज आपल्याकडे बहुतेक वेळा बाईलाच दवाखान्यापर्यंत जावं लागतं. तिला तिथे वेळेवर घेऊन जाणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे.