टेंभूच्या ज्या पोराला शिकायला पैसे नव्हते, तोच पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य झाला

टेंभू म्हटलं की आज आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळच्या माणसाला पाणी आठवतं. कृष्णेचं पाणी उचलून सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात नेणारी टेंभू योजना. पण ज्या गावावरून योजनेला हे नाव पडलं, ते कराड तालुक्यातलं टेंभू आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे.

14 जुलै 1856 ला गोपाळ गणेश आगरकर याच गावात जन्मले. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. आजच्या सांगलीतला वाळवा, तासगावसारखा भाग सातारा जिल्ह्यातच होता.

घरची परिस्थिती बेताची. शिक्षण कराडात सुरू झालं, पण पुढं शिकायचं तर पैसा कुठून आणायचा? पोटासाठी त्यांनी मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. शिकायचं म्हणून रत्नागिरी गाठली, तिथंही जमेना. शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून 1875 ला ते मॅट्रिक झाले. अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा शिक्षक भेटला आणि पुण्याची वाट सोपी झाली.

पुण्यात डेक्कन कॉलेज. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. याच कॉलेजात टिळक भेटले. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असं दोघांचं ठरलं.

पण खरा प्रश्न टेंभूकडच्या घरचा होता. मुलगा एम.ए. होतोय म्हणजे आता मोठा पगार येणार, दिवस पालटणार, अशी आईची आशा. त्या काळात एम.ए. झालेल्याला सरकारात चांगली जागा सहज मिळायची. आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच कळवून टाकलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी आयुष्य लोकांसाठी घालवणार आहे. ज्या माऊलीनं हलाखीत दिवस काढले, तिला हे वाचून काय वाटलं असेल!

1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि एम.ए. होऊन आगरकर तिथं शिकवायला आले. सोबत केसरीचं संपादनही होतं. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात 1882 ला टिळकांसोबत मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढले. त्यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं.

1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. सोसायटीच्या आजीव सदस्याला पगार महिना 75 रुपये. इथं एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा पगार थोडा वाढावा असं आगरकरांचं मत होतं, टिळकांचा त्याला विरोध होता. त्यागाची भाषा सोपी असते, पण घरात दमेकरी माणूस असला की औषधाला पैसे लागतातच. इथं तर दमा खुद्द आगरकरांनाच होता.

त्यात सामाजिक सुधारणांवरून वाद वाढले. 1887 ला आगरकरांनी केसरी सोडला आणि वर्षभरात स्वतःचा सुधारक काढला. 1890 ला टिळक सोसायटीतून बाहेर पडले. बालविवाह, केशवपन, अस्पृश्यता यावर आगरकर इतकं सडेतोड लिहायचे की पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

1892 ला फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि ती खुर्ची आगरकरांकडे आली. वय 36. ज्या पुण्यानं तिरडी काढली, त्याच पुण्यातले आईबाप आता याच माणसाच्या कॉलेजात पोरं घालणार होते. आगरकरांनी प्राचार्यपद सांभाळण्यासाठी सुधारक बंद केला नाही की लेखणीही मऊ केली नाही. दिवसा कॉलेज, उरलेल्या वेळात लेख, आणि रात्री दमा.

तब्येतीनं फार साथ दिली नाही. 17 जून 1895 ला, एकोणचाळिसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी असताना ते गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यापुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला बांधून ठेवले होते, असं सांगतात.

पुढं 1919 ला त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत कॉलेज काढलं. विश्रामबागचं विलिंग्डन कॉलेज ते हेच.