विश्लेषण : पाण्याच्या वरच्या थरात गरवायला तरंगती दोरी का?

पेण-रोह्यात नदीवर, तळ्यावर गरी टाकणाऱ्याला एक प्रश्न पडतोच : आमिष किती खोल सोडायचे? कृत्रिम माशीने गरवण्याच्या छंदात, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये अनेक वर्षे वाद झाला. त्याच्या केंद्रस्थानी होते जी. ई. एम. स्क्यूज.

कोण होते स्क्यूज?

जन्म १८५८चा, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सचा. शाळा इंग्लंडमधील विंचेस्टरची, वकिली लंडनची. सुटीत मात्र ते विंचेस्टरजवळच्या इचेन नदीवर ट्राउट मासे गरवत.

वाद कशावरून?

कृत्रिम माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, असा फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या अनुयायांचा आग्रह होता. स्क्यूज यांनी पकडलेल्या माशांच्या पोटातील अन्न तपासले. त्यात पंख न फुटलेले कीटक, म्हणजे ‘निम्फ’ सापडले. चतुराची पिल्ले पाण्यात वाढतात, तसेच हे कीटक. पंख फुटण्यासाठी ते वर येतात तेव्हा पृष्ठभागाच्या जरा खालीच मासा त्यांना टिपतो. १९१०च्या ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ या पुस्तकात स्क्यूज यांनी बुडत्या माशीची बाजू मांडली.

त्याची किंमत काय मोजावी लागली?

हॅलफर्ड १९१४ मध्ये गेले, वाद मात्र मिटला नाही. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फवर वादसभा झाली. तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. पन्नासहून अधिक वर्षे ज्या पाण्यावर गरवले, ते त्यांनी त्याच वर्षी सोडले. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. आज निम्फने गरवणे जगभर रूढ आहे.

मग दोरी कोणती घ्यावी?

त्या काळी दोरी रेशमाची असे. चरबी चोळली की तरंगे, नाही तर बुडे. १९५०च्या दशकात प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या दोऱ्या आल्या. तळ्यात निम्फ वीतभर खोलीवर ठेवायचा तर तरंगती दोरी आणि तिच्या टोकाला लांब, बारीक नायलॉनचा धागा उत्तम. बुडणारी दोरी निम्फला खाली ओढते. शिवाय मासा लागल्याची खूण तरंगत्या दोरीच्या टोकावर लगेच दिसते. वारा सुटून लाटा दोरी ओढू लागल्या, तर मात्र सावकाश बुडणारी दोरी बरी.