खाजण राखणारा कारखानदार : पिरोजशा गोदरेज

घोडपदेवच्या पूर्वेस आज गोदामे, रेल्वेचे रूळ आणि गोदीच्या भिंती दिसतात. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मात्र समुद्र या वस्तीच्या बराच जवळ होता. १९०८ ते १९१२ या काळात पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी या किनाऱ्यावर सुमारे ५८३ एकरांची भरणी केली आणि भरती-ओहोटीचा चिखलपट्टा कायमचा गाडला गेला. त्याच सुमारास शेजारच्या लालबागमध्ये एक तरुण पारशी कारखानदार थोरल्या भावाच्या हाताखाली उद्योगाचे धडे गिरवत होता. त्याचे नाव पिरोजशा बरजोरजी गोदरेज.

पिरोजशांचा जन्म १८८२ सालचा. थोरले बंधू अर्देशीर यांनी १८९७ मध्ये लालबागच्या गॅस कंपनीलगत २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलुपे बनवण्यास प्रारंभ केला. अर्देशीर संशोधक वृत्तीचे, तर पिरोजशांकडे विस्ताराची दृष्टी. कुलपांपाठोपाठ तिजोऱ्या, साबण आणि पोलादी कपाटे आली. १९२८ मध्ये अर्देशीर शेतीच्या ओढीने नाशिकला गेले आणि उद्योगाची धुरा पिरोजशांवर आली.

लालबागची जागा अपुरी पडू लागली तेव्हा, १९४३ मध्ये, साठी ओलांडलेल्या पिरोजशांनी विक्रोळी येथील विस्तीर्ण जमीन लिलावात घेतली. मुंबईबाहेरच्या त्या ओसाड भागात त्यांनी कारखाने व कामगारांची वसाहत उभारली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ मध्ये लाखो मतपेट्या तयार झाल्या, त्या येथेच. १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टंकलेखन यंत्रही येथूनच बाहेर पडला.

या जमिनीचा पूर्वेकडील मोठा भाग मात्र ठाण्याच्या खाडीला लागून असलेले खाजण होते. त्या काळी खाजण म्हणजे डासांचे आगर आणि भरणीची वाट पाहणारी पडीक जमीन, अशीच समजूत होती. पिरोजशांच्या मनात तेव्हा आजच्या अर्थाने पर्यावरणाचा विचार होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही कारखाने उंच भागात उभे राहिले आणि खाडीकाठचे तिवर उभेच राहिले, ही वस्तुस्थिती आहे. १९७२ मध्ये पिरोजशांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सोहराबजी आणि नवल यांनी हा वारसा जाणीवपूर्वक जपला. १९८० च्या दशकात पिरोजशांच्या पत्नी सूनाबाई यांच्या नावे तेथे सागरी परिसंस्थेच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. आज सुमारे १,७५० एकरांचे हे कांदळवन मुंबईच्या मोठ्या हरित पट्ट्यांपैकी एक आहे.

त्याचे मोल काय? मन्नारच्या आखातातील स्वच्छ, उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणे जे काम करतात, तेच काम मुंबईच्या गढूळ खाडीत तिवर आणि चिप्पी करतात. मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, लाटांचा जोर ओसरतो, मासे व कोळंबीच्या पिल्लांना आसरा मिळतो आणि प्राणवायूविना असलेल्या चिखलात कार्बन दीर्घकाळ साठून राहतो. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतर मुंबईला या वनांची खरी जाणीव झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड व त्यावरील भरणी यांना मनाई केली. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, तर २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा लाभला.

तिवरांची रोपे पुन्हा लावता येतात. पण त्यासाठी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करू शकेल असा चिखलपट्टा शिल्लक असावा लागतो. घोडपदेवच्या किनाऱ्यावर तो उरलेला नाही. विक्रोळीत आहे, कारण तेथे भराव पडला नाही. पिरोजशांच्या कुलुपांनी अनेकांचे धन सांभाळले. खाडीकाठची ही ठेव मात्र कोणत्याही कुलपाविना राहिली आहे. ती सांभाळणे आता सर्व मुंबईकरांच्या हाती आहे.