चवदार तळे ते उजनी

1901 साली वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाला वाटेत कोणी पाणी दिले नाही. त्याच बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ भरली. 1942 पासून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे खाते त्यांच्याकडे होते. दामोदर, महानदीच्या बहुउद्देशीय धरण योजनांना त्यांनी चालना दिली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 ने सार्वजनिक विहिरी-तळी सर्वांना खुली झाली. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी भीमेच्या पात्रातून आणि जलवाहिनीतून सोलापूरला येते. धरण भरले तरी आमच्या वस्त्यांत घागरींच्या रांगा लागतातच. तळे बाबासाहेबांनी खुले केले. नळाच्या समान पाण्यासाठी आता आम्हालाच संघटित होऊन लढावे लागेल.