एर्लिख यांची ‘गलेलठ्ठ’ पेशी

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वैद्यकीचे शिक्षण घेताना त्यांना खरे वेड लागले ते रंगांचे. नात्यातले कार्ल वायगर्ट अ‍ॅनिलिन रंगांनी शरीराच्या ऊती रंगवत असत. तेच एर्लिख यांनी उचलले.

१८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात त्यांनी एका नव्या पेशीचे वर्णन केले. ती दाण्यांनी गच्च भरलेली होती आणि निळा रंग दिला की तिचे दाणे जांभळट दिसत. खाऊन-पिऊन गलेलठ्ठ झालेली पेशी असावी, असे समजून त्यांनी तिला ‘मास्ट’ पेशी म्हटले. हा तर्क चुकला. पण पेशी खरी होती.

१८८७ मध्ये हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना यांना लहान मुलांच्या त्वचेवरील तपकिरी डागांत याच पेशींची गर्दी आढळली. दाण्यांत हिस्टामिन असते, हे मात्र १९५३ मध्ये रायली व वेस्ट यांनी दाखवले. डाग चोळला की दाणे फुटतात, हिस्टामिन बाहेर पडते आणि तिथे लाल, खाजरी गांध उठते.

एर्लिख यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी मिळाले. पुढे सहकारी हाता यांच्यासोबत त्यांनी उपदंशावर साल्व्हर्सान हे औषध दिले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या या पेशीची ओळख बारामती-इंदापूरच्या घरांतही उपयोगी आहे. आपल्याकडे बाळाला तेलाने रगडून कढत पाण्याने न्हाऊ घालतात. असे डाग असलेल्या बाळाला नेमके हेच सोसत नाही. त्याला कोमट पाणी घालावे, हलक्या हाताने टिपावे, चोळू नये. हे डाग म्हणजे कुष्ठरोग नव्हे आणि ते संसर्गजन्यही नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हिस्टामिनविरोधी औषध दिल्यास खाज आटोक्यात राहते. काही वेदनाशामक औषधे आणि भूल देण्याची काही औषधे या मुलांना त्रास देऊ शकतात. म्हणून नव्या डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे. मूल निपचित पडले, त्याला धाप लागली किंवा अंगभर फोड आले, तर लगेच रुग्णालय गाठावे. बहुतेक मुलांचे डाग वयात येईपर्यंत फिकट होतात किंवा जातात. तोवर घाबरून घरगुती लेप चोळत बसू नये.