गॅलिलिओ आणि वेगाचा त्रिकोण

इटलीतील पिसा नगरीत १५ फेब्रुवारी १५६४ रोजी गॅलिलिओचा जन्म झाला. पिता संगीतज्ञ होता. घरात विद्या होती, द्रव्य मात्र बेताचे. मुलाने वैद्य व्हावे म्हणून पित्याने त्यास १५८१ मध्ये विद्यापीठात धाडले. परंतु त्याचे मन गणितात रमले आणि चार वर्षांनी पदवी न घेताच तो परतला. १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात तो गणिताचा अध्यापक झाला, हा योग गमतीचा खरा! १५९२ पासून अठरा वर्षे तो पादुआ येथे होता. दुर्बिणीची व गुरूच्या चंद्रांची कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याच्या एका चुकीविषयी.

पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, हे सर्वच जाणत. तो कोणत्या नियमाने वाढतो, हा प्रश्न होता. पतन फार त्वरेने होते, म्हणून गॅलिलिओने ते मंद केले. बारा हात लांब तुळईत खोबण कोरून तीत गुळगुळीत चर्मपत्र बसविले, तुळई तिरपी केली आणि काशाची गोळी सोडली. काळ मोजण्यास भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तो तोलून पाही. समान कालखंडांत गोळीने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात निघाली.

आता चूक पाहा. १६०४ मध्ये व्हेनिसच्या पाओलो सार्पीस लिहिलेल्या पत्रात त्याने अंतरांचा हा नियम बरोबर दिला. परंतु वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे गृहीत धरले. तसे असते तर आरंभी अंतर शून्य म्हणून वेग शून्य, आणि वेग शून्य म्हणून अंतरही वाढावयाचे नाही. हातून सुटलेला दगड जागचा हलताच ना! वेग वाढतो तो काळाच्या प्रमाणात, हे त्यास पुढे उमगले.

आम्ही कलाशाखेचे, आलेखाच्या कागदाशी आमचे सख्य बेताचेच. तरी हे आम्हांसही कळते. आडव्या रेषेवर काळ व उभ्या रेषेवर वेग घ्यावा. चार सेकंदांत वेग शून्यापासून सेकंदास ८ मीटरपर्यंत सारखा वाढला, तर तिरपी सरळ रेषा मिळते. तिचा चढ २, तेच त्वरण. तिच्याखालील त्रिकोणाचे क्षेत्रफळ १६, तेच मीटरमध्ये अंतर. सेकंदागणिक त्या त्रिकोणाचे भाग पाडावेत. १, ३, ५, ७ हेच अंक पुन्हा समोर येतात. असा त्रिकोण चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम यानेही काढला होता; पडत्या वस्तूस तो लागू करून प्रयोगाने पडताळला गॅलिलिओने.

१६३३ मध्ये, पृथ्वी फिरते या मताच्या पुरस्काराबद्दल, धर्मपीठाने त्यास दोषी ठरविले. उर्वरित आयुष्य फ्लॉरेन्सनजीक आर्चेत्री येथे नजरकैदेत गेले. १६३४ मध्ये त्याची लाडकी कन्या वारली. त्याच काळात त्याने गतिविषयक ग्रंथ पुरा केला, आणि आपणही एकदा त्या भ्रमात होतो, ही कबुली त्यातील संवादात घातली. इटलीत छपाईस बंदी. म्हणून ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडातील लायडेन येथे निघाला. त्यात वेगाचा तो त्रिकोण छापलेला आहे. गॅलिलिओची दृष्टी तोवर पुरती गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी आर्चेत्री येथेच त्याचे देहावसान झाले.