लोणारच्या दगडातले रामन

रिसोड ओलांडलं की लोणार फार लांब नाही. कॉलेजच्या सहलीत तुम्ही ते सरोवर पाहिलंही असेल. बेसॉल्टच्या काळ्या खडकावर उल्का आदळून साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. पण उल्काच आदळली हे कशावरून? याचा एक भक्कम पुरावा तिथल्या दगडातल्या बारीक कणांमध्ये आहे आणि तो वाचायला रामन सूक्ष्मदर्शक वापरतात. हे रामन म्हणजे विज्ञान दिनाला ज्यांच्या फोटोला आपण हार घालतो, ते चंद्रशेखर वेंकट रामन. आणि बरं का, हा माणूस काही महिने आपल्या विदर्भात नोकरीला होता!

७ नोव्हेंबर १८८८ ला तिरुचिरापल्लीजवळ त्यांचा जन्म झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, अठराव्या वर्षी, रामन यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला. तरीही त्या काळी विज्ञानात करिअर वगैरे काही नव्हतं. त्यांनी सरकारच्या वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याला हिशेबाच्या कचेरीत रुजू झाले. तिथून रंगून आणि १९१० मध्ये नागपूर. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा. वर्षभरातच ते पुन्हा कलकत्त्याला गेले. दिवसा आकडेमोड आणि कचेरीच्या आधी-नंतर बोबझार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत प्रयोग, असं हे दहा वर्षं चाललं. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केलं. पगार जवळपास निम्मा होता. रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेल्यांना हे वाचून धक्का बसेल, पण झालं ते असं.

१९२१ मध्ये बोटीच्या प्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझमने पृष्ठभागावरचं परावर्तन कापून पाहिलं. निळा रंग गेला नाही. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. पुढची सात वर्षं त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हेच विकिरण तपासलं. २८ फेब्रुवारी १९२८ ला उत्तर मिळालं: विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग आपला रंग बदलून बाहेर पडतो. प्रत्येक पदार्थाचे रेणू आपापल्या पद्धतीने थरथरतात, त्यामुळे प्रत्येकाचा रंगबदलही वेगळा. जणू अंगठ्याचा ठसाच! पाऱ्याचा दिवा, काही भिंगं आणि छोटा वर्णपटदर्शक एवढ्याच सामानावर हे साधलं. मॉस्कोतही दोन शास्त्रज्ञांना हाच परिणाम स्फटिकात दिसला होता, पण रामन यांनी आधी जाहीर केलं. १९३० च्या नोबेलची त्यांना इतकी खात्री होती की घोषणेच्या आधीच बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. त्या प्रयोगांत दिवसरात्र राबलेल्या के. एस. कृष्णन यांच्या वाट्याला मात्र नोबेल आलं नाही.

रामन यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवीधर कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांची बहीण, तिथे प्रवेश मागायला गेली. मुलगी म्हणून रामन यांनी नकार दिला. ती हटली नाही. शेवटी त्यांनी अटी घालून एक वर्षासाठी घेतलं. तिचं काम पाहून त्यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींना उघडली. कमला सोहोनी यांनी पुढे केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. प्रकाशाचा नियम सात वर्षं तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा समज तपासायला एका मराठी मुलीने भाग पाडलं.

रामन यांच्या शोधात एक अडचण होती. तो बदललेला प्रकाश फारच मंद, दहा लाखांत एखादा कण. फोटो काढायलाच तासन्‌तास लागायचे. १९६० मध्ये लेसर आला आणि एकाच रंगाचा झगझगीत प्रकाश मिळाला. १९७५ च्या सुमारास फ्रान्समधल्या लील इथे लेसर आणि सूक्ष्मदर्शक जोडले गेले. ज्या भिंगातून कण दिसतो, त्याच भिंगातून लेसरचा ठिपका त्यावर टाकायचा. ठिपका केसाच्या जाडीहून कितीतरी पट लहान असतो. परत आलेल्या प्रकाशातला लेसरचा मूळ रंग गाळायचा आणि उरलेल्याचा वर्णपट वाचायचा. नमुना फोडायला नको, विरघळवायला नको. खोटं रत्न, औषधाची गोळी, जुन्या चित्राचा रंग, सगळं तपासता येतं. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीतही हे तंत्र आहे.

लोणारच्या बेसॉल्टमध्ये लॅब्रडोराइट नावाचं खनिज असतं. आघाताच्या प्रचंड दाबाने त्याचे काही कण बाहेरून स्फटिकासारखेच राहिले, पण आतून काचेसारखे झाले. स्फटिकाच्या वर्णपटात टोकदार शिखरं दिसतात, या कणांच्या वर्णपटात पसरट उंचवटे. ज्वालामुखीला असं करता येत नाही.

उतारवयात रामन हिरे आणि खनिजं जमवायचे. लॅब्रडोराइटवर चमकणारे रंग कुठून येतात, यावर त्यांनी १९५० मध्ये निबंधही लिहिला. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले. सूक्ष्मदर्शक आणि लेसरची जोडी जमायला तेव्हा पाचेक वर्षं उरली होती.

आज घरी एक करून पाहा. जुनी सीडी एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. रंगांमध्ये एक हिरवा पट्टा उठून दिसेल. तो पाऱ्याच्या वाफेचा. रामन यांच्या दिव्यातही पाराच होता.